मांडी टेकली पाहिजे

पन्नास मैल झाले की उजव्या मांडीला मुंग्या यायच्या. साठ झाले की माकडहाड ठणकायला लागायचं. सत्तराव्या मैलाला, म्हणजे टेक्सासातल्या सॅन अँटोनियोहून फ्रेडरिक्सबर्गला पोचल्यावर, मी दार उघडून आधी डावा पाय हातानं उचलून बाहेर ठेवायचो आणि दाराला धरून दोन मिनिटं नुसता उभा राहायचो. तोवर बायको पीचच्या दुकानातून दोन पिशव्या भरून परत आलेली असायची.

गाडी १९६९ची शेवरले सी-१० पिकअप. लांब हौद्याची, सहा सिलिंडरची, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. सेगिनजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून घेतली. त्यांनी ती इतकी जपली होती की दार लावताना अजून तो जड, भरीव आवाज येतो. माझा या गाडीवर फार जीव आहे. पण ती बनवली तेव्हा ६ फूट ४ इंचांचा माणूस कुणाच्या डोळ्यासमोर नसावा. एकसंध लांब सीट, पाठ जवळजवळ सरळ उभी, आणि गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले.

सीट मागे का सरकत नाही, याचं उत्तर सीटच्या मागेच होतं. १९६७ ते १९७२ या मॉडेलांमध्ये पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, थेट सीटच्या पाठीमागे उभी असते. जवळपास २० गॅलन, म्हणजे सुमारे ७५ लिटर पेट्रोल पाठीला लावून माणूस गाडी चालवतो. टाकी भरायचं तोंडही केबिनच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या दाराच्या मागे. त्या काळात ही पद्धत सर्रास होती. १९७३च्या नव्या मॉडेलपासून कंपनीनं टाकी केबिनबाहेर नेली. माझ्या गाडीत मात्र ती होती, आणि सीट रुळावर शेवटपर्यंत ढकलली की पाठ टाकीला जाऊन टेकायची.

सुरुवातीला मी टाकीचा विचारच केला नाही. दुखतंय म्हणजे सीट कडक झालीय, असं सरळ गणित मांडलं. शहरातल्या एका सीटवाल्याकडे गेलो. त्यानं चार इंचांचा मऊ फोम घालून वर नवं रेग्झिन चढवून दिलं. दुकानात बसलो तेव्हा सोफ्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत कळलं की डोकं छताला लागतंय, गुडघे स्टिअरिंगच्या आणखी जवळ आलेत, आणि अर्ध्या तासानं फोम असा दबतो की खालच्या स्प्रिंगा एक एक करून मोजता येतील. पैसे गेले ते गेलेच. त्याहून वाईट म्हणजे जुना, मूळचा फोम त्या दुकानानं फेकून दिला होता. तो माझ्याकडे असता तर त्याचा आकार तरी बघता आला असता. म्हणून जो कुणी हे काम करणार असेल त्याला सांगतो: सीटमधून निघालेली एकही वस्तू दुकानात सोडू नका.

त्याच हिवाळ्यात अण्णा, म्हणजे माझे वडील, तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. अण्णा कोल्हापूर डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. रत्नागिरीची गाडी आंबा घाटातून कित्येक वर्षं नेली. पहिल्याच रविवारी त्यांना पिकअपमधून फिरवायला नेलं. मला वाटलं, ते रस्त्याबद्दल नाहीतर इंजिनबद्दल काही बोलतील. ते माझ्या पायांकडेच बघत होते. सिग्नलला थांबलो तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या गुडघ्यामागून, मांडीखालून आरपार घातला. हात कुठेच अडला नाही.

"मांडी कुठं टेकंना झालीय बघ तुजी," अण्णा म्हणाले. "सगळा भार बुडावर येतोय लेका. मऊ करून उपेग न्हाई. मांडीखाली पायजे."

घरी आल्यावर त्यांनी आंघोळीचा मोठा टॉवेल घट्ट गुंडाळला आणि सीटच्या पुढच्या कडेला माझ्या मांडीखाली सरकवला. आम्ही चाळीस मैल जाऊन आलो. मुंग्या आल्या नाहीत. चार इंचांच्या फोमनं जे झालं नाही ते एका टॉवेलनं झालं.

त्यानंतर मी टेप घेऊन बसलो. बायकोनं मापं घेतली, अण्णांनी वहीत लिहिली. बसल्यावर पाठीपासून गुडघ्याच्या लवणीपर्यंत माझं अंतर साडेएकवीस इंच, सीटची खोली अठरा इंच. लवणीपासून टाचेपर्यंत एकोणीस इंच, सीटची पुढची कड जमिनीपासून जेमतेम तेरा इंच. आकडे कागदावर आले आणि दुखण्याचं कारण दिसायला लागलं. सीट बुटकी असल्यानं गुडघे वर उचलले जातात, मांडी हवेत राहते, सगळं वजन बैठकीच्या दोन हाडांवर येतं. मग कंबर सरळ राहत नाही, ती मागे कलते, पाठीचा खालचा बाक जातो आणि माणूस माकडहाडावर बसतो. त्याखाली कितीही मऊ गादी घाला, बसायची जागा चुकलेलीच राहते.

पहिला उपाय चार वॉशरइतका स्वस्त होता. सीटचे रूळ जमिनीला चार बोल्टनी बसतात. पुढचे दोन बोल्ट काढून तिथे एक इंचाचे पोलादी स्पेसर घातले आणि तेवढेच जास्त लांब बोल्ट लावले. पुढच्या-मागच्या बोल्टमध्ये तेरा इंच अंतर, म्हणजे सीट साधारण साडेचार अंश मागे झुकली. ऐकायला काहीच नाही. बसल्यावर मात्र मांडी अख्खी टेकली आणि पाठ आपसूक मागे रेलली. एक काळजी मागच्या बोल्टांची: सीट तिरकी झाल्यावर त्यांचं डोकं एका बाजूनं दाबतं, म्हणून तिथे उतरते, म्हणजे एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ, वॉशर घालावे लागतात. नाहीतर महिन्याभरात सीट करकरायला लागते आणि बोल्ट ढिले होतात.

पण मांडी वर आली तशी ती स्टिअरिंगलाही लागायला लागली. क्लचवरून पाय उचलताना गुडघा रिमला घासायचा, आणि घाईच्या वेळी तो अडकला असता तर अपघातच. आता सीट मागे नेल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणजे टाकी काढायची.

पेट्रोलच्या टाकीशी खेळ नको, म्हणून एवढा भाग जरा सावकाश सांगतो. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त धोक्याची, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. ठिणगी पडायला एवढंच हवं असतं. आम्ही आधी काटा तळाला येईपर्यंत गाडी चालवली, उरलेलं पेट्रोल कॅनमध्ये काढलं, बॅटरीच्या तारा सोडवल्या आणि गाडी गॅरेजबाहेर मोकळ्या हवेत उभी केली. गॅरेजमध्ये गॅसवरचा वॉटर हीटर आहे, त्याची ज्योत सतत जळत असते. ते अण्णांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मग सीटचे बोल्ट काढून दोघांनी सीट उचलली, टाकीचे पट्टे सोडवले, रबरी नळी कापली आणि टाकी दारातून तिरकी करून बाहेर काढली.

मागे जे निघालं ते मी अजून जपून ठेवलंय. चिमूटभर वाळलेली माती, एक पेन्सिल, आणि बोटभर जाडीचा दाण्यांचा थर. अण्णांनी दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली आणि म्हणाले, "ही तर ज्वारी." खरंच ज्वारी होती. टेक्सासात तिला मायलो म्हणतात, जनावरांना घालतात. सेगिनच्या त्या शेतकऱ्याच्या पोत्यांतून कधीतरी सांडलेली असणार. पन्नास वर्षं पेट्रोलच्या टाकीमागे पडून तिचा रंग काळपट झाला होता. अण्णांनी ते दाणे कागदात बांधून ठेवायला लावले.

नवी टाकी हौद्याखाली, चासीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये, मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे बसवली. तिथे पूर्वी स्टेपनी टांगलेली असायची, तिची सोय आता हौद्यात. पेट्रोलची नवी लाइन, टाकीला हवा खेळती राहण्यासाठी व्हेंट आणि गाडी कलंडली तर बंद होणारी झडप, हे सगळं एका गॅरेजकडून करून घेतलं. काम नीटनेटकं केलं त्यांनी. एकच चूक झाली आणि ती मला रस्त्यावर उभं करून गेली.

आठ दिवसांनी २८१ नंबरच्या हायवेवर गाडी आचके देत बंद पडली. काटा फुल दाखवत होता. टाकीत खडखडाट. कारण नंतर कळलं. टाकीतला तरंगता भाग, म्हणजे सेंडर, विजेचा रोध बदलतो आणि त्यावर काटा चालतो. माझ्या डॅशबोर्डवरचा मूळ काटा शून्य ओहमला रिकामी आणि ९० ओहमला भरलेली टाकी समजतो. गॅरेजनं लावलेला सेंडर बाजारातल्या दुसऱ्या मापाचा होता: त्याचा रोध रिकाम्या टाकीत २४० आणि भरल्या टाकीत ३३. त्यामुळे टाकी जसजशी रिकामी होत गेली तसतसा काटा वर चढत गेला. टाकी हलवणाऱ्यांनी सेंडर घेण्याआधी हे दोन आकडे विचारावेत आणि बसवण्याआधी मीटर लावून स्वतः तपासावेत. त्या दिवशी भर दुपारी बायको दोन तास माझ्यासोबत रस्त्याकडेला उभी होती, याचं मला अजून वाईट वाटतं.

केबिनच्या कोपऱ्यातलं जुनं तोंड वेल्डिंग करून बुजवायचा सल्ला सगळ्यांनी दिला. माझा जीव होईना. मूळ पत्रा कापायला किंवा जाळायला हात धजेना. आतून रबराचं गॅस्केट आणि पत्र्याची चकती लावून ते बंद केलं, बाहेरून जुनं झाकण तसंच ठेवलं.

आता सीट किती मागे न्यायची? जागा भरपूर होती, म्हणून मी आधी चार इंच मागे नुसती टेकवून बघितली. पाय मोकळे झाले, पण दुसरा गिअर हातून गेला. दांड्यावरच्या तीन गिअरमध्ये पहिला आपल्याकडे ओढून खाली, दुसरा पलीकडे ढकलून वर, तिसरा तिथूनच सरळ खाली. दुसऱ्याला हात सगळ्यात लांब जातो. चार इंच मागे बसल्यावर दर वेळी उजवा खांदा पाठीवरून सुटायचा. क्लचचंही तसंच: पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिलाच पाहिजे. तो सरळ झाला की माणूस क्लच पायानं नाही, कमरेनं दाबायला लागतो, आणि संध्याकाळी एकाच बाजूची कंबर धरते. नेहमीचे बूट घालून, अर्ध्या-अर्ध्या इंचानं पुढे येत अडीच इंचावर थांबलो.

उंच माणसानं आणखी एक माप घ्यावं: डोक्यापासून मागच्या काचेपर्यंतचं. या गाडीला डोकं टेकायला काही नाही. अमेरिकेत प्रवासी मोटारींना १९६९पासून हेडरेस्ट सक्तीचे झाले, पिकअपना थेट १९९१मध्ये. मागून धक्का बसला तर डोकं सरळ काचेवर. टाकी काढून सीट खूप मागे नेणारे आणि पाठ आरामखुर्चीसारखी कलती करणारे मी पाहिलेत. मी पाठ तेवढीच ठेवली जेवढी स्पेसरनं कलली, आणि काचेपासून पाच इंच राखले.

नव्या भोकांखाली, गाडीच्या पोटाकडून, तीन इंच चौरस जाड पोलादी पट्ट्या लावल्या आणि ग्रेड ८चे, म्हणजे जास्त मजबूत, बोल्ट घातले. त्यांच्या डोक्यावर सहा रेघा असतात, त्यावरून ओळखायचे. नुसत्या जमिनीच्या पत्र्यात सीट कसणं म्हणजे ब्रेक लागल्यावर सीटसकट पुढे जाणं. कमरेच्या पट्ट्याच्या मूळ जागांना मात्र हात लावला नाही. पट्टा अजून ओटीपोटावर नाही, कमरेच्या हाडावरच बसतो ना, हे नव्या जागेवर बसून पाहिलं.

एवढं झाल्यावर मी गादीकडे वळलो, आणि या वेळी माणूस बघून वळलो. शहराच्या दक्षिण भागात एका मेक्सिकन कारागिराचं छोटं दुकान आहे. सगळे त्यांना 'माएस्त्रो' म्हणतात. आपण शिंप्याला मास्तर म्हणतो, अगदी तसंच. अण्णांनी पहिल्या दिवशीच त्यांना 'मास्तर' म्हणायला सुरुवात केली आणि त्यांनी ओ दिली.

मास्तरांनी आधी सीट उघडी केली. तारेच्या कड्या पक्कडीनं एकेक काढल्या, मोजून डब्यात टाकल्या. मऊ फोम उचलून बाजूला ठेवला. खालचं गोणपाट हातात घेताच भुगा होऊन पडलं. दोन स्प्रिंगा तुटल्या होत्या, त्याही माझ्याच बाजूच्या. म्हणजे मी इतके दिवस डावीकडे कलून बसत होतो. त्यांनी स्प्रिंगा बदलल्या, नवं जाड कापड ताणून बांधलं आणि त्यावर फोमचे तुकडे नुसते ठेवून मला बसवलं. मी लगेच "छान आहे" म्हणालो. त्यांनी मान हलवली, एक मासिक हातात दिलं आणि वीस मिनिटं उठायचं नाही असं सांगितलं.

तिथे बसून मला कळलं की फोमची घनता वेगळी आणि कडकपणा वेगळा. घनता म्हणजे एका घनफुटाचं वजन. फोम किती वर्षं टिकेल ते त्यावरून ठरतं. कडकपणा म्हणजे तो दाबायला लागणारा जोर. पहिल्या दुकानानं दिलेला फोम हलकाही होता आणि मऊही. मास्तरांनी खाली तीन इंच कडक, २.८ पौंड घनतेचा थर घेतला आणि वर फक्त एक इंच मऊ. विसाव्या मिनिटाला मला उठवून, दाबलेल्या खळग्यांभोवती खडूनं दोन गोल काढले. बैठकीची हाडं तिथे होती. त्या दोन जागी त्यांनी स्वयंपाकघरातली विजेवरची सुरी चालवून खालच्या थरात उथळ खळगे कोरले. पुढच्या कडेला दीड इंच बाहेर येणारी, गोल वळवलेली फोमची लोळी चिकटवली, म्हणजे मांडीला आधार मिळतो पण लवणीत कड रुतत नाही. पाठीत पट्ट्याच्या उंचीला हाताच्या पंजाएवढी उशी. बसायच्या जागी रेग्झिनऐवजी कापड घेतलं, कारण टेक्सासच्या उन्हात रेग्झिन भाजतं.

स्टिअरिंगचा प्रश्न राहिला होता. मूळचं सतरा इंचांना थोडं कमी, त्याऐवजी पंधराचं लावलं की मांडीवर जेमतेम इंचभर जागा मिळते. तो एक इंच मला हवाच होता. पण माझ्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, आणि चाक लहान झालं की तितकाच जोर जास्त लागतो. पार्किंगमध्ये दंड भरून येतात. हायवेवर काही जाणवत नाही. ज्यांना रोज गल्लीबोळात वळायचं असेल त्यांनी हा बदल शेवटी करावा, आणि गरज उरली तरच.

सगळं जमलंय असं वाटलं तेव्हा बायको चालवायला बसली. तिची उंची ५ फूट २ इंच. सीट अखंड, एकाच रुळावर पुढे-मागे होणारी. ती पुढे ओढली की तिला पेडल मिळत होते, पण उचललेली कड तिच्या लवणीत रुतत होती आणि टाच टेकत नव्हती. गाडी आमच्या दोघांची आहे, ती माझ्या मापाची करून तिच्या हातून काढून घेणं मला पटलं नाही. एक इंचाचे स्पेसर काढून पाऊण इंचाचे घातले. मास्तरांनी लोळीतला फोम बदलून मऊ केला, म्हणजे तिच्या वजनानं कड दबते आणि माझ्या मांडीला तरीही स्पर्श राहतो. तिच्यासाठी पाठीमागे ठेवायची वेगळी उशी शिवून दिली. माझा आराम थोडा कमी झाला, हे खरं. पण परवा फ्रेडरिक्सबर्गहून येताना ती अख्खा रस्ता चालवत आली.

अण्णा आता कोल्हापुरात असतात. दर रविवारी फोन येतो. आधी नातवाची चौकशी, मग विचारतात, "मांडी टेकती न्हवं?" गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका दमात दोनशे मैल गेलो. उतरताना मला पाय हातानं उचलावा लागला नाही.

जुनी टाकी मी धुऊन, महिनाभर उघडी वाळवून, गॅरेजच्या भिंतीवर टांगली आहे. शेजारी मूळ स्टिअरिंग, आणि एका डब्यात चार मूळ बोल्ट, पट्टे, रबरी नळीचा तुकडा. डब्यावर कागद चिकटवलाय: कुठला बोल्ट कुठल्या कोपऱ्याचा, सीट मूळ जागेपासून किती मागे आणि पुढून किती वर. उद्या ही गाडी ज्याच्या हाती जाईल त्याचे पाय माझ्याएवढे लांब असतील असं नाही.